झोप झाली का, पाव्हणं?

ठाण्यात असताना मी चालत कामाला जायचे. घर आणि लॅब यांच्यामध्ये दोन गल्ल्या, एक इस्त्रीवाला आणि एक सिग्नल एवढंच होतं. सगळं शहर गाड्या पकडायला धावत असायचं तेव्हा मी गॅलरीत निवांत कपडे वाळत घालत असायचे. मग नवऱ्याला कोकणातल्या कापडे गावच्या हायस्कुलात कायमची नोकरी लागली, आम्ही ठाणं सोडलं, आणि खेड्यात येऊन मी आयुष्यात पहिल्यांदा रोज ये-जा करणारी बाई झाले. नवरा शर्टाची बटणं लावत लावत शाळेत पोचायचा. मी मात्र अंधारात उठून एसटीने पोलादपूर, तिथून पुढे महाड, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. ठाण्याच्या मैत्रिणी फोनवर म्हणायच्या, "मजा आहे बाई तुझी, शांत आयुष्य!" मी बरं म्हणून फोन ठेवायचे, कारण बोलता बोलता मला जांभई यायची.

या सगळ्यात मी टिकले ती आमच्या घरमालकांमुळे. त्यांनी मला टिकवलं आणि छळलंही, आणि यातलं कुठलं कुठे संपायचं ते मला कधी नीट कळलं नाही.

खोल्या बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. घर गावाच्या टोकाला, बौद्धवाडीत, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि गाडी वळवण्यापुरती मोकळी जागा आहे तिथे. अंगणात एक सुंभाची खाट, खाटेवर सत्तरीचे एक गृहस्थ. अंगात बंडी, खांद्यावर पंचा. आम्ही कोण, कुठले, कशाला आलो, काही विचारलं नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"घोरतंय का कोन तुमच्यात?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मी नवऱ्याकडे. इतक्या वर्षांत या विषयावर आमचं एकमत झालं नव्हतं.

"थोडंफार," नवरा म्हणाला.

"मग डोकं त्या भिंतीला करायचं नाय. तिच्या पल्याड डायवर झोपतो."

भाड्याचं, लायटीचं, पाण्याचं सगळं बोलणं त्यानंतर झालं आणि चुटकीसरशी संपलं. अटी मात्र बऱ्याच होत्या. जेवणं आटोपली की कुकर लावायचा नाही. मिक्सर रात्री नाही आणि पहाटेही नाही. चटणी करायची तर पाट्यावर करा, पाटा मागच्या पडवीत आहे. टीव्ही ठेवा, पण आवाज आपल्या कानापुरता. आणि कोंबडा पाळायचा नाही. कोंबडी चालेल.

कोंबड्याचं मला पुढे काकूंकडून कळलं. काकू म्हणजे त्यांची बायको, बारीक अंगाची, बोलायला मोकळी. त्यांच्याकडे पूर्वी एक देखणा कोंबडा होता. तो वेळेआधी आरवायचा आणि ड्रायव्हरची झोपमोड करायचा, म्हणून एका रविवारी काकांनी त्याचा रस्सा केला. केला तो केला, पण वर त्याच ड्रायव्हरला वाढला. "खा पाव्हणं, तुमचाच दुश्मन हाय," म्हणाले. पुढे वाडीत घरोघर फिरून त्यांनी बाकीच्या कोंबड्यांचाही निकाल लावला. मी राहायला गेले तेव्हा त्या वाडीत पहाट मुकाट्याने व्हायची.

हे सगळं कशासाठी, तर वस्तीच्या गाडीसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. संध्याकाळी महाडहून निघालेली शेवटची एसटी पोलादपूर करून कापड्याला येते आणि रात्री तिथेच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपतात. पहाटे तीच गाडी पहिली गाडी होऊन खाली जाते. नोकरीवाले, कॉलेजची पोरं, दवाखान्याला जाणारे, बाजाराला जाणारे, सगळे त्या एका गाडीवर. ती चुकली तर मिनीडोर रिक्षा असते, पण मिनीडोर भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती भरली हे फक्त मिनीडोरवाला ठरवतो.

पूर्वी गाडीची माणसं देवळात झोपायची. एका वादळात देवळाचे पत्रे उडाले आणि ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच सीटवर अंग मुडपून झोपायला लागले. ते बघून काकांनी आपली पुढची खोली झाडून दिली, दोन खाटा टाकल्या. तेव्हा गावातल्या एकदोघांनी नाक मुरडलं म्हणे, बौद्धवाडीत कशाला म्हणून. ड्रायव्हरने पहिल्याच रात्री काकूंच्या हातच्या चार तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट खाऊन तो विषय संपवला. पुढे देवळाला नवे पत्रे आले, पण गाडीची माणसं काही तिकडे परत गेली नाहीत.

गावाने काकांना 'डेपो मॅनेजर' असं नाव ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं असा माझा अंदाज आहे.

काका ड्रायव्हरचं नाव कधी विचारायचे नाहीत. ड्युट्या बदलायच्या, माणसं बदलायची, यांच्यासाठी सगळे 'पाव्हणं'. आल्यावर पाय धुवायला गरम पाणी. जेवताना गप्पा मारायच्या नाहीत, कारण "बोलत जेवला की पोट फुगतं, पोट फुगलं की झोप जाते." कंडक्टरकडे तितकं लक्ष नसायचं. एकदा एका कंडक्टरने हसत हसत तक्रार केली, तर म्हणाले, "तू झोपलास तर तिकटं ऱ्हातील. तो झोपला तर मानसं ऱ्हायची नायत."

पहाटे चहा घेऊन स्वतः जायचे. कप हातात दिला की एकच प्रश्न: "झोप झाली का, पाव्हणं?" आणि उत्तर ऐकायच्या ऐवजी डोळ्यांकडे बघत बसायचे. मी रोज पलीकडून, वेणी घालता घालता, हा प्रश्न ऐकायचे. मला हा प्रश्न त्यांनी कधीही विचारला नाही. माझी झोप झाली काय अन् नाही काय, गाडी मी चालवणार नव्हते.

आता गंमत अशी, की एवढा माणूस एसटीभोवती जगत होता आणि स्वतः एसटीत बसत नव्हता. त्यांना गाडी लागायची. साधीसुधी नाही. उभ्या गाडीच्या डिझेलचा वास आला तरी ते पंचा नाकाला लावून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभे राहायचे. पोलादपूरला जायचं तर चालत. लेक तुडीलला दिलेली, सावित्रीच्या काठाला, महाडच्याही पुढे. वर्षातून एकदा तिच्याकडे जायचे तेही चालत, वाटेत सोयऱ्याधायऱ्यांकडे मुक्काम करत. काकू एसटीने जायच्या. काका पोचेपर्यंत काकूंचं लेकीशी भांडण होऊन मिटलेलंही असायचं.

असा माणूस मला एसटीने प्रवास कसा करावा ते शिकवायचा. "हे बघ गो बाय, डाव्या खिडकीला बसू नको, फांद्या आत येतात." "पोलादपूर येवपर्यंत झोपायचं नाय, मान लचकते. म्होरं हायवेला झोप." "डबा मांडीवर घे, वरती ठेवू नको, डाळ सांडंल." मी एकदा चिडून म्हटलं, "काका, तुम्ही शेवटचे कधी बसला होता गाडीत?"

"बसलो कशाला पायजे? उतरनाऱ्यांची तोंडं बघतो की."

डाळीचं त्यांचं खरं निघालं. बाकी फांदी मला कधी लागली नाही.

सुरुवातीचे काही महिने मला ती गाडी अजिबात झेपली नाही. मळमळ, पाठदुखी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. मी महाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होते. पहाटे पोचणं भाग, कारण उपाशीपोटी रक्त द्यायची माणसं लॅब उघडायच्या आधीच येऊन बसतात. साखरेचे पेशंट, म्हातारी माणसं, चहाचा घोट न घेता आलेली. मी पोचले की त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते चहा दिसलेल्या माणसाचं सुख असायचं, माझं कौतुक नव्हे. लॅबच्या मॅडम उशिरा यायच्या, म्हणून किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

हळूहळू गाडीतली माणसं ओळखीची झाली. महाडच्या एका खासगी दवाखान्यातल्या नर्सबाई रोज माझ्या शेजारी बसायच्या. टायरचं दुकान असलेले चाचा पुढच्या सीटवर. त्यांचा मुलगा आखातात होता आणि त्याच्या पोराचे नवे फोटो ते आम्हाला रोज दाखवायचे. कॉलेजच्या दोन मुली मागे. कुणी चार दिवस दिसलं नाही तर चौकशी व्हायची. नर्सबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून मी हायवेला झोपायला शिकले. ठाण्यात शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईचं आडनावही मला माहीत नव्हतं. इथे मला चाचांची साखर किती आहे हेसुद्धा ठाऊक होतं.

आणि मग ती खाटेची सकाळ आली.

त्या महिन्यात वस्तीला सांगलीकडचा एक तरुण ड्रायव्हर होता. त्याची बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली, दिवस भरलेले. फोनची रेंज फक्त घरामागच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर यायची. गडी रात्रभर त्या गडग्यावर बसून राहिला. उजाडता उजाडता फोन आला, मुलगी झाली. मी बाहेर आले तेव्हा अंगणात हसणं चाललं होतं, चाचा त्याला मिठी मारत होते, नर्सबाई वजन किती म्हणून विचारत होत्या. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. काकांनी चहाचा कप त्याच्या हातात दिला.

"झोप झाली का, पाव्हणं?"

"झोप कसली काका! लेक झाली मला!"

काका त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज गाडी न्यायची नाय तुमी."

आम्हाला आधी चेष्टा वाटली. ड्रायव्हरलाही. तो हसत गाडीत चढला, गाडी सुरू केली. काकांनी अंगणातली खाट उचलली, नाकाला पंचा बांधला, खाट नेऊन बरोबर गाडीच्या तोंडापुढे टाकली, घोंगडी अंगावर ओढली आणि कुशीवर वळून झोपले.

कंडक्टर खाली उतरला. "ओ काका, काय हे!"

"मी झोपलोय," घोंगडीतून आवाज आला. "झोपलेल्या मानसाला उठवायचं नाय."

त्यानंतर जे झालं ते आठवून आज हसू येतं, त्या दिवशी कुणालाच येत नव्हतं. कॉलेजच्या मुलींची परीक्षा होती. चाचांना मुंबईहून माल येणार होता. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडत होता, "काका, व्हय, जागा हाय, पण आनंदानं जागा हाय. मला कायबी झालं न्हाई."

"आनंदानं उडाली काय न् दुक्खानं उडाली काय, झोप उडाली ती उडालीच. वळणाला काय कळतंय लेक झाली म्हनून?"

मी खाटेशी जाऊन बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. "काका, लॅबची किल्ली माझ्याकडे आहे. लोक उपाशी बसलेत तिथे."

त्यांनी घोंगडी डोळ्यांपुरती खाली केली. "किल्ली धाड. तू नको जाऊ."

"कुणाबरोबर धाडू?"

"दुधाचा टेंपो येल आता." आणि घोंगडी परत वर.

टेम्पो आला. त्यात नर्सबाई आणि परीक्षेच्या दोघी मुली दाटीवाटीने बसल्या, किल्ली नर्सबाईंबरोबर गेली. बाकीचे आम्ही ताटकळत राहिलो. चाचा माझ्या दहापट चिडले होते. शेवटी ते म्हणाले, "इसको कोई समझाओ," आणि स्वतःच आमच्या पायरीवर बसून काकूंनी दिलेला चहा प्यायले. ड्रायव्हर थोडा वेळ गाडीला टेकून उभा होता, मग आत गेला आणि दुपारपर्यंत झोपला. उठल्यावर गाडी घेऊन गेला आणि तिथूनच रजेवर लेक बघायला.

तो गाडी घेऊन गेला असता तर काय झालं असतं? बहुतेक काहीच नाही. तरुण माणूस होता, रस्ता रोजचा होता. मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केलाय आणि मला अजूनही ठरवता येत नाही.

पण डेपोला तक्रार गेलीच. कुणी केली ते कळलं नाही आणि कुणी केली तरी ती खोटी नव्हती. सरकारी गाडीपुढे खाट टाकली ही गोष्ट कोण कशी लपवणार? आठवड्याभरात वस्ती कापड्याहून उठली. गाडी आता पोलादपूरला थांबणार आणि सकाळी रिकामी वर येऊन आम्हाला नेणार असं ठरलं. ऐकायला एवढंच. पण ती वर यायची तेव्हा उजाडून ऊन आलेलं असायचं. मी महाडला पोचायचे तेव्हा उपाशी माणसं कंटाळून चहा पिऊन घरी गेलेली असायची. मॅडम भल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाल्या, "या महिन्यात काय ते ठरव. नाहीतर मला इथलीच कुणीतरी बघावी लागेल."

ठरवायचं म्हणजे दोनच गोष्टी होत्या. नोकरी सोडायची, नाहीतर महाडला खोली घेऊन एकटीने राहायचं आणि रविवारी नवऱ्याला भेटायचं. नवऱ्याच्या नोकरीसाठी एकदा घर हलवलं होतं. आता माझ्या नोकरीसाठी ते अर्धं करायची पाळी आली. आम्ही रात्री हळू आवाजात यावर बोलायचो. हळू आवाजात कशाला ते आम्हालाच कळत नव्हतं. भिंतीपल्याड आता कुणी झोपत नव्हतं.

काका पुढची खोली रोज झाडायचे. पहाटे उठून चहा करायचे आणि कप हातात घेऊन अंगणात उभे राहायचे. मग तो चहा मला द्यायचे. मी रागातच होते, तरी घ्यायचे. एके दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, "काका, आम्ही महाडला खोली बघतोय. माझ्यापुरती."

संध्याकाळी काकूंनी येऊन सांगितलं, "उद्या तुझ्यासंगती येतायत ते. डेपोला. लिंबू हाय का गो घरात?"

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. काका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, नाकावर पंचा, हातात लिंबू. मी शेजारी पिशव्या घेऊन. गाडी अंगणापुढून वळली तिथेच पहिली उलटी झाली. पुढे प्रत्येक वळणाला एक. आजूबाजूच्या बायकांनी आल्याच्या वड्या काढल्या, चाचांनी वारा घातला, नर्सबाईंनी पाठ चोळली. पोलादपूरला मी म्हटलं, "काका, उतरा. आम्ही बोलतो साहेबांशी." त्यांनी मान हलवली. बोलायची ताकद नव्हती. त्या म्हाताऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि माझा राग कुठल्या वळणावर उतरून गेला मला कळलं नाही. मला रडू आलं. त्यांना वाटलं मलाही गाडी लागली, तर त्यांनी आपलं अर्धं लिंबू माझ्या हातात दिलं.

महाडच्या डेपोत आम्ही सगळेच आत शिरलो. साहेब सरळ माणूस वाटला. काकांची अवस्था बघून त्याने आधी खुर्ची दिली, पाणी मागवलं. ड्रायव्हर लोक दारात जमले. त्यात आपला सांगलीवालाही होता, रजेवरून परतलेला.

"काका," साहेब म्हणाले, "तुमच्या घरी माणसांची सोय चांगली होते हे मला माहीत आहे. पण प्रवाशांची गाडी अशी अडवता येत नाही. पुन्हा असं करणार नाही एवढं म्हणा. आज संध्याकाळपासून वस्ती परत सुरू करतो."

इतकं सोपं होतं. आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो. नर्सबाई पुटपुटल्या, "म्हणा हो." चाचा म्हणाले, "बोल दो, भाई." मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत होते. एवढं एक वाक्य, मग माझी नोकरी राहणार होती आणि घरही.

काका पाणी प्यायले. पंच्याने तोंड पुसलं. "नाय म्हननार तसं. परत तसा डोळा दिसला तर परत खाट टाकीन. खोटं बोलून गाडी नाय न्यायची मला. ह्या बायला सांगा वाटल्यास, मी हिची नोकरी घालवली म्हनून."

मी जमिनीकडे बघत होते. संपलं, असंच मला वाटलं.

मग दारातून सांगलीवाला म्हणाला, "साहेब, कापड्याची वस्ती द्यायची झाली तर मला द्या."

"तुझीच गाडी अडवली होती ना रे?"

"व्हय. घर सोडलं तर झोप झाली का म्हणून मला तिथंच इचारत्यात, साहेब."

साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग काकांना म्हणाले, "खाट टाकायची नाही. मला फोन करायचा. मी पोलादपूरहून दुसरा माणूस वर पाठवतो. तो येईपर्यंत कुठे झोपायचं ते झोपा."

"आमच्या हितं रेंज नाय."

"गडग्यावर येते," सांगलीवाला म्हणाला.

बाहेर आल्यावर मी काकांना म्हटलं, संध्याकाळी याच गाडीने घरी जाऊ. माझ्याकडे पिशव्या आहेत. त्यांनी माझ्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं, लेंगा वर खोचला आणि चालायला लागले.

त्या संध्याकाळी वस्तीची गाडी कापड्याला आली, चालवायला सांगलीवालाच. काकूंनी पाय धुवायला गरम पाणी दिलं, भाकऱ्या वाढल्या, आणि मी बोलायला तोंड उघडलं तर बोट ओठावर ठेवून मला गप्प केलं. काकांचा पत्ता नव्हता. पोलादपूरला भाचा आहे, तिथे टेकले असतील, असं काकू म्हणाल्या. पहाटेचा चहाही त्यांनीच दिला. पण तो प्रश्न विचारायचं त्यांना काही सुचलं नाही.

गाडी निघाली. किल्ली पर्समध्ये होती. कापडे गाव सोडून उतार लागला आणि ड्रायव्हरने गाडी हळू केली. समोरून रस्त्याच्या कडेने काका चालत येत होते, हातात चपला, खांद्यावर पंचा. गाडी दिसताच पंचा नाकाला लावून ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकले. ड्रायव्हरने गाडी थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. काका तशाच दाबलेल्या नाकाने जवळ आले, टाचा उंच करून त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"झोप झाली का, पाव्हणं?"

"झाली, काका."

ते अजून थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात हलवला. "जावा," म्हणाले, आणि गाडी सुटली.